गृहीतकं पूर्ण झालेली नाहीत

"हे मी म्हणत नाही. ही म्हणते. त्यांच्यातलीच मुलगी आहे."

मॅडमनी माईक धरलेला हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. परिषदेचं सभागृह गच्च भरलेलं. सगळ्या माना मागे वळल्या. मी मागच्या बाजूला, खांबाशेजारी बसले होते. मुद्दामच.

"उभी राहा ना बाळा. लोकांना दिसू दे."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या.

टाळ्या कशाला वाजल्या ते सांगते. पडद्यावर एक वाक्य होतं. 'शिष्यवृत्तीधारक विद्यार्थिनींचे महाविद्यालयीन समायोजन इतर विद्यार्थिनींच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी आढळले.' त्याच्या खाली बारीक अक्षरात दुसरं वाक्य. 'चाचणीची सर्व गृहीतके तपासली असता पूर्ण झालेली आढळली.' आणि तपासणी करणारी म्हणून त्याखाली माझं नाव.

तपासली मीच होती. पूर्ण झालेली नव्हती. तसं मी लिहून दिलं होतं. मॅडमच्याच हातात दिलं होतं.

मग एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष उठले. नागपुरात त्यांची कॉलेजं आहेत, मुलींचं एक वसतिगृहही आहे. ते म्हणाले, मॅडमच्या संशोधनानं आमचे डोळे उघडले. यापुढे शिष्यवृत्तीच्या मुलींना वसतिगृहात घेण्याआधी ही समायोजन चाचणी घेऊ. "ज्यांना झेपणार नाही त्यांना उगाच त्रास कशाला द्यायचा?"

पुन्हा टाळ्या. मी अजून उभीच होते. बस म्हणायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी खापरखेड्याची. बाप वीज केंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर, ठेकेदाराकडे. कायम कामगारांची कॉलनी वेगळी, आमची वस्ती वेगळी. कॉलनीतल्या पोरी स्कूटीवर कॉलेजात जायच्या, मी बसनं. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "स्कॉलरशिपवाली का?" मी हो म्हणायची. त्यात लाजायचं काय, असं घरून शिकवलेलं. तरी ते 'हो' प्रत्येक वेळी थोडं हळू आवाजात निघायचं.

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं. पहिल्याच महिन्यात वर्गात हात वर करून विचारलं, "मॅडम, पण हे असं काहून होते?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे बघत राहिल्या, हसणं विझेपर्यंत. मग म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. पुन्हा विचार."

त्या दिवसापासून मी मॅडमची झाले.

त्यांचं घर नागपूरच्या जुन्या महाल भागात. वकील-मास्तरांच्या पिढ्यांचं घर. पुस्तकांची कपाटं थेट जिन्यापर्यंत. पीएच.डी.ला त्यांच्याकडेच नाव नोंदवलं आणि त्या घरात माझं जाणं-येणं सुरू झालं. स्वयंपाकघरात एक मोठं टेबल होतं, तिथं बसून त्या मला शिकवायच्या. एकीकडे भाजी चिरायच्या, एकीकडे बोलायच्या. मी तापानं फणफणले होते तेव्हा दोन रात्री त्यांच्याकडेच होते. मॅडमनी डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. माझी आई फोनवर म्हणाली, "आपल्याहून जास्त त्याच करून राहिल्या वं."

खोटं नव्हतं ते. आजही मी त्याला खोटं म्हणत नाही. म्हणूनच जास्त लागतं.

विभागातले बहुतेक जण आकडे बाहेर करायला देतात. प्रश्नावल्या नेऊन द्यायच्या, तक्ते घेऊन यायचे. मॅडमना ते चालत नसे. "स्वतः कर," म्हणायच्या. दोन गटांच्या सरासऱ्या ताडून बघायच्या असल्या की टी-टेस्ट लावतात, हे कोणीही सांगेल. पण ती कधी लावायची नाही, ते मॅडमनी शिकवलं. एकदा कुकर उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना? पण कधी? भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तर. खाली करपलाय, वर कच्चा आहे, तिथं एक शीत काय सांगणार? आधी भात बघायचा, मग शीत उचलायचं. याला गृहीतकं तपासणं म्हणतात."

मी हसले. पण ते उदाहरण मी कधी विसरले नाही.

विषय त्यांनीच दिला. महाविद्यालयीन मुलींचं समायोजन. एक गट शिष्यवृत्तीच्या मुलींचा, एक फी भरणाऱ्या मुलींचा. "तू आतून बघू शकशील," त्या म्हणाल्या. मला तो मान वाटला.

कॉलेजं फिरले, खोल्या करून राहणाऱ्या मुलींकडे गेले, बसनं ये-जा करणाऱ्यांना थांब्यावर गाठलं. शेवटी त्या संस्थेच्या वसतिगृहात. शिष्यवृत्तीच्या मुली मागच्या इमारतीत. तिथं प्रणाली भेटली. खापा गावची. बी.एस्सी.ची. प्रश्नावलीत एक विधान होतं: 'वसतिगृहात मला आपलेपणा वाटतो.' होय, नाही, सांगता येत नाही. प्रणालीनं पेन वर धरला.

"ताई, खरं लिवू का सोयीचं?"

"खरं लिही. तुझं नाव कुठं जाणार नाही."

"मंग 'नाही' लिवतो."

पेन इतका दाबला की कागद फाटला. दुसरा दिला.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. एकही मुलगी उठली नाही. मी विचारलं, "जेवायले नाही जात?"

"ही घंटी त्यांची हाय. फीवाल्या पोरींची. त्यांचं झालं का मंग आपली वाजते."

"काहून?"

"नेम हाय म्हणते." ती लिहीतच होती. "वरन-भात उरला त भेटते. नाही त ठेचा आनला हाय घरून."

बाकीच्या मुली हसल्या. त्या हसण्यात रागसुद्धा उरला नव्हता. सवय झाली होती.

आकडे भरले, आलेख काढला. फी भरणाऱ्या मुलींचा आलेख साधा होता. मधे टेकडी, दोन्हीकडे उतार. शिष्यवृत्तीच्या मुलींच्या मात्र दोन टेकड्या निघाल्या. एक उंचावर, एक खाली, मधे दरी. आणि त्यांची सरासरी पडली ती त्या दरीत. जिथं जवळपास एकही मुलगी नव्हती. म्हणजे 'शिष्यवृत्तीची सरासरी मुलगी' म्हणून जिचं वर्णन करायचं, ती मुलगीच अस्तित्वात नव्हती.

मग बघितलं, वरच्या टेकडीवर कोण. घरून येणाऱ्या, खोल्या करून राहणाऱ्या, दुसऱ्या वसतिगृहातल्या. त्यांचे गुण फीवाल्या मुलींसारखेच. आणि खालच्या टेकडीवर? सगळ्या त्या मागच्या इमारतीतल्या.

टी-टेस्टला आणखी एक गोष्ट लागते. प्रत्येकीचं उत्तर दुसरीपासून सुटं असावं लागतं. पण एका छताखाली, एका घंटेनं उठणाऱ्या-बसणाऱ्या मुलींची उत्तरं सुटी कशी धरणार? त्या सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगत होत्या. जमत नव्हतं ते त्या इमारतीतल्या कारभाराला. मुलींना नव्हे.

मी धावत महालात गेले. दुपारची वेळ. मॅडमनी आलेख आणि माझं तपासणीचं टिपण हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होते, आता शाबासकी देतील. त्यांनीच शिकवलेलं होतं ना सगळं.

त्यांनी चष्मा काढला. "कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"दाखवू नकोस."

"पण मॅडम, इथं टी-टेस्ट लागतच नाही. वेगळ्या पद्धतीनं करावं लागेल. आणि वसतिगृहाबद्दल लिहावं लागेल."

"त्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर मी आहे, माहीत आहे ना तुला? प्रश्नावली भरायची परवानगी मीच मिळवून दिली."

"म्हणूनच तर. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील."

मॅडम हसल्या. लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसं. "सगळीकडे असंच असतं, बाळा. एक वाक्य लिहायचं, गृहीतकं पूर्ण झाली. इतक्या खोलात कोणी जात नाही. थोडं ॲडजस्ट कर."

"खोलात जायला तुम्हीच शिकवलं."

त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ठेव इथं. मी बघते."

मी बघते. मला वाटलं, वसतिगृहाचं बघतील. दोन्ही घंटा एक करतील. मी कागद टेबलावर ठेवले. निघताना त्यांनी आईसाठी चिवडा बांधून दिला. बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

त्यानंतर थेट ते सभागृह.

जेवणाच्या वेळी मी मॅडमना गाठलं. त्यांच्या हातात ताट होतं, भोवती माणसं.

"मॅडम, ते वाक्य खोटं आहे."

"इथं नको."

"माझं नाव आहे त्याखाली."

"तुझं नाव मी मोठं केलंय, वेडे. पुढच्या वर्षी हीच माणसं तुला बोलावतील." आणि त्यांनी माझा गाल थोपटला. बोटांना गुलाबजामाचा पाक होता. तो गालाला लागला. नळावर जाऊन धुतला तरी दिवसभर चिकट वाटत राहिलं.

थोड्या दिवसांनी प्रणाली विभागात आली. वर आली नाही. जिन्याखाली उभी राहिली, मला खाली बोलावून घेतलं.

"ताई, माह्या लहान बहिनीले पुढच्या साली आमच्याच होस्टेलात टाकनार होतो. आता परीक्षा देवा लागते म्हनते. तेच कागद. आपलेपना वाटते का, ते. नाही लिवलं का नापास."

ती वर विभागाच्या दाराकडे बघत होती.

"आमीनं खरं लिवलं म्हनून आमीच खराब का?"

मग ती म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, "तुमी त आपल्यातल्याच न, ताई?"

तिकडे व्यासपीठावरून तोच शब्द. इकडे जिन्याखाली तोच शब्द. मॅडमनी मला त्यांच्यातली म्हणून पुढं केलं, आणि प्रणालीनं मला आपल्यातली म्हणून विचारलं. ती गेली तेव्हा मला कळलं मला कशासाठी वापरलं. मॅडमना माझी तपासणी नको होती. माझं आडनाव हवं होतं. त्या आडनावाच्या मुलीनंच सांगितलं म्हटल्यावर कोण कशाला विचारणार?

घरी गेले. बाप जेवत होता. त्याला सगळं सांगितलं. टी-टेस्ट सोडून सगळं.

"मॅडम त चांगल्या होत्या न वं?"

"होत्या."

"मंग?"

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "आमाले ठेकेदार म्हनते, मास्क भेटला म्हनून सही करा. मास्क काई भेटत नाही. आमी करतो सही. पोट हाय."

"मी काय करू, बाबा?"

"पोट तुले बी हाय. तू पाहून घे." त्यानं ताटात हात धुतला आणि खोकत बाहेर गेला. 'करू नको' म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. 'कर' म्हणाला असता तरी बरं वाटलं असतं. तो कोणतंच म्हणाला नाही.

प्रबंध देण्याआधी विभागात एक सादरीकरण द्यावं लागतं. विभागप्रमुख, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, मॅडम, आणि बाकीचे विद्यार्थी. माझं सादरीकरण मॅडमनी 'सुधारून' पाठवलं होतं. दोन टेकड्यांचा आलेख गायब. ते वाक्य जागेवर. मी फक्त वाचायचं होतं.

वाचत वाचत त्या वाक्यापर्यंत आले.

"हे वाक्य मी वाचणार नाही," मी म्हणाले.

विभागप्रमुखांनी मान वर केली. "काय झालं?"

"सर, गृहीतकं पूर्ण झालेली नाहीत." आणि माझ्याजवळचा आलेख मी पडद्यावर लावला.

बाहेरचे तज्ज्ञ पुढे वाकले. बघितलं. म्हणाले, "नमुना मोठा आहे तुमचा. थोडा वाकडा आलेख चालतो."

"आलेख वाकडा चालेल, सर. पण खालच्या टेकडीवरच्या सगळ्या मुली एका इमारतीतल्या आहेत. नमुना कितीही मोठा केला तरी इमारत एकच राहते. आपण इमारत मोजली आणि नाव मुलींचं लावलं. त्या मुलींना दुसऱ्या पंगतीत बसवतात, सर. उरलेलं वाढतात. हे मी बघितलं आहे."

तज्ज्ञ मागे टेकून बसले. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. ते घड्याळ बघायला लागले.

मग मॅडम हसल्या. सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बघा. हिला स्वतःला समायोजन जमत नाही, आणि ही समायोजनावर पीएच.डी. करतेय."

खोली हसली. ज्यांच्यासोबत मी डबा खात होते, तेही हसले. विभागप्रमुख तोंडावर हात ठेवून हसले. एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित रडले असते, माफी मागितली असती, कोण जाणे. पण मॅडमचं हसू एकदम संपलं आणि त्या म्हणाल्या,

"याच्यासाठी मी हिला घरात घेतलं होतं. स्वयंपाकघरापर्यंत घेतलं होतं."

स्वयंपाकघरापर्यंत.

ते टेबल. ती भाजी. तापात कपाळावर ठेवलेल्या पट्ट्या. इतकी वर्षं मी समजत होते, मी मॅडमकडे जाते. आणि त्या इतकी वर्षं मनाशी धरून होत्या की कुठून कुठपर्यंत आत घेतलंय. बाहेरची खोली. मधलं घर. मग स्वयंपाकघर. मला जो कधी दिसलाच नव्हता तो उंबरठा त्यांना रोज दिसत होता. माया खरी असेल. पण ती वरून खाली वाढलेली होती.

माझं रडणं जागीच आटलं. मी बोलले, आणि बोलताना भाषा सुधारायचं भान राहिलं नाही. ठेवायचंही नव्हतं.

"मॅडम, मी तुमच्या घरी शिकाले येत होतो. तुमी मले आत घेऊन राहिल्या होत्या, हे मले मालूम नव्हतं. मालूम असतं त आलोच नसतो."

आता कोणी हसलं नाही. मी माझा आलेख पडद्यावर तसाच ठेवला आणि खाली बसले. निघून गेले नाही. सादरीकरण माझं होतं.

पुढचं थोडक्यात. मॅडमनी मार्गदर्शक म्हणून नाव काढून घेतलं. नोंदणी लटकली. फेलोशिप थांबली. डबा खाणाऱ्या मैत्रिणी जिन्यात दिसल्या की फोन कानाला लावतात. परिषदेच्या आयोजकांना मी लिहून दिलं की त्या वाक्याखालचं नाव काढा, ती तपासणी माझी नाही. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिलं आहे.

विद्यापीठानं एक समिती नेमली. वसतिगृहाबद्दल मी जे बोलले त्यावर नव्हे, माझ्या वागणुकीवर. पहिल्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट मागितली. "दुसऱ्या पंगतीचं कोणत्या मुलींनी सांगितलं? नावं द्या. नाहीतर आरोप बिनबुडाचा."

नंतर व्हरांड्यात समितीतले एक जण जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, नावं देऊन टाक, मॅडम मोठ्या मनाच्या आहेत, तुला परत घेतील, दिवाळीपर्यंत प्रबंध जाईल.

प्रणालीला हे कळलं. तिचा फोन आला. "माहं नाव देऊन टाका, ताई. मी नाही भेत."

"नाही."

"काहून? माहं नाव हाय. मी देऊन राहिलो न."

"तुझ्या एकटीचं दिलं तरी बाकीच्या शोधून काढतील. आधी तुमच्या उत्तरांवर तुम्हाला नापास केलं. आता नावांवर बाहेर काढतील."

ती रागावली. रागावू दे. तिचा राग तरी जिवंत आहे अजून.

दुसरी पंगत चालूच आहे. माझ्या बोलण्यानं ती थांबलेली नाही. प्रवेशाची चाचणी सुरू होणार की नाही, कोणी सांगत नाही. नवा मार्गदर्शक शोधते आहे. एका सरांनी भेट नाकारली. एका मॅडमनी चहा दिला, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, विषय बदल, मग बघू.

विषय बदलणार नाही. पुन्हा मुलींकडे जाणार, या वेळी प्रत्येक वसतिगृहात. कुठं कोण कधी जेवतं, तेही विचारणार. गृहीतकांचं प्रकरण सगळ्यात आधी लिहिणार. पदवी मिळाली तर त्या प्रकरणासकट. नाही मिळाली तरी त्या प्रकरणासकट.

समितीची पुढची बैठक सोमवारी आहे. मी जाणार. नावं मिळणार नाहीत. आकडे मिळतील, सगळे, उघडे. ते त्यांनी माझ्यासमोर तपासायचे आणि काय दिसलं ते मोठ्यानं म्हणायचं. म्हणेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.